तासापुरत्या मोजक्याच वेबसाइट उघड्या ठेवायच्या आहेत, कसं करता?

भूगोल_नववी

नमस्कार. मी नववीला भूगोल शिकवते. आठवड्यातले काही तास संगणक कक्षात मिळतात. तिथे तीस संगणक आहेत, सगळ्यांवर विंडोज आणि क्रोम, आणि सगळ्यांना मिळून एक राउटर.

भूकंपाचा पाठ मला नुसता पुस्तकातून शिकवायचा नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा, म्हणजे यूएसजीएसचा, ताज्या भूकंपांचा नकाशा आहे. तो उघडला की गेल्या चोवीस तासांत जगात कुठे कुठे जमीन हलली ते ठिपक्यांनी दिसतं. मुदत तीस दिवसांची केली की पॅसिफिकच्या कडेने ठिपक्यांची माळच उमटते आणि कोणीतरी आपणहून विचारतं, "मॅडम, इथेच एवढे का?" तो प्रश्न मुलांकडून येतो तेव्हा पुढचा अर्धा पाठ सोपा होतो. म्हणून मला इंटरनेट बंद करून शिकवायचं नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी की पहिली काही मिनिटं नकाशा असतो, आणि मी एका बाकाशी वाकून काही समजावत असले की मागच्या रांगेत खेळ सुरू होतात. एक साइट बंद करून घेतली की त्याच खेळाची दुसरी साइट निघते. म्हणून उलट करून पाहिलं. राउटरमध्ये "फक्त एवढंच उघडू दे" अशी सोय आहे, तिथे यूएसजीएस आणि विकिपीडिया घातलं. तर विकिपीडियाचं पान आलं, पण एकही चित्र नाही. नकाशावर ठिपके आले, खालची जमीन-पाणी मात्र कोरं करडं. वर स्टाफरूममधलं इंटरनेटही त्याच राउटरवर, त्यामुळे तासभर सगळ्यांचीच कामं अडली.

मला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत. चित्रं का गेली? फक्त कक्षातल्या मुलांपुरतं आणि फक्त तासापुरतं हे करता येईल का? आणि शोध, म्हणजे गूगल, चालू ठेवावा की नाही? शाळेत पूर्णवेळ संगणकाचा माणूस नाही, जे करायचं ते मलाच जमलं पाहिजे.

सहावी_ब

मॅडम, सगळ्यात कमी खटपटीचं सांगतो. राउटरमध्ये डीएनएस बदला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ घातला की अश्लील आणि घातक साइट उघडत नाहीत. ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड आहे, २०८.६७.२२२.१२३, तोही तेच करतो. दोन्ही फुकट आहेत, खातं काढावं लागत नाही. आमच्याकडे एवढंच आहे आणि पालकांच्या तक्रारी थांबल्या.

लॅब_सांभाळतो

शाळेचे संगणक कक्ष सांभाळणं हेच माझं काम. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सहावी_ब सरांनी सांगितलेला डीएनएस जरूर घाला, पण त्याचं काम वेगळं आहे. तो शाळाभर, दिवसभर, जे कोणालाच दिसू नये ते अडवतो. खेळ त्याला अश्लीलही वाटत नाहीत आणि घातकही नाहीत. मॅडमना हवंय ते वेगळंच: या तासाला ही चार पानं, पुढच्या तासाला दुसरी. तो निर्णय शाळेच्या दारावर घेता येत नाही. तो वर्गात, शिकवणाऱ्याच्या हातात असायला हवा.

आता चित्रं का गेली ते. विकिपीडियाचा मजकूर येतो विकिपीडिया डॉट ऑर्गवरून, पण चित्रं येतात अपलोड डॉट विकिमीडिया डॉट ऑर्गवरून. पत्ता वेगळा, तुमच्या यादीत नाही, राउटरने अडवला. नकाशाचंही तेच. ठिपक्यांची माहिती यूएसजीएसची, पण खालचा मूळ नकाशा दुसऱ्याच ठिकाणाहून येतो. हल्लीचं एक पान म्हणजे सात-आठ पत्त्यांवरून गोळा केलेला माल असतो. राउटरला यातलं पान कुठलं आणि पानातलं चित्र कुठलं हे कळत नाही, त्याला नुसते पत्ते दिसतात. शिवाय बहुतेक सगळं एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद होऊन येणारं, असल्यामुळे त्याला साइटचं नाव फार तर कळतं, साइटमधलं नेमकं पान कळत नाही. त्यामुळे "यूट्यूबवरचा हा एकच व्हिडिओ" असं राउटरला सांगायची सोयच नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की तासापुरतं नियंत्रण राउटरवर करू नये, ब्राउझरमध्ये करावं.

क्रोममध्ये त्यासाठी दोन धोरणं, म्हणजे ब्राउझरला आधीच घालून द्यायचे नियम, आहेत: यूआरएल ब्लॉकलिस्ट आणि यूआरएल अलाउलिस्ट. पहिल्यात एकच चिन्ह घालायचं, तारांकन (*). त्याचा अर्थ सगळं बंद. दुसऱ्यात उघडायच्या साइट घालायच्या. एकेका यादीत हजारापर्यंत नोंदी बसतात, तुम्हाला पाच-सहा पुरतील. आणि यातली मोलाची गोष्ट ही की क्रोम ही यादी तपासतो पान उघडताना. उघडलेल्या पानाला स्वतःची चित्रं कुठून आणायची आहेत त्यात तो पडत नाही. विकिपीडिया यादीत आहे ना, मग चित्रं आपोआप येतात. नकाशाखालची जमीनही येते. राउटरवर तुमची जी अडचण झाली ती इथे होणार नाही.

नोंद नुसती विकिपीडिया डॉट ऑर्ग अशी घातली की सगळ्या भाषांचे विकिपीडिया त्यात आले. आधी टिंब देऊन घातली तर फक्त तेवढाच नेमका पत्ता, पोटपत्ते नाहीत. यूएसजीएसची पूर्ण साइट उघडायची गरज नाही, अर्थक्वेक डॉट यूएसजीएस डॉट जीओव्ही एवढं पुरे.

आता "फक्त तासापुरतं". इथे मी जे करतो ते सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. संगणकभर धोरण लावलं तर तास संपल्यावर ते काढायचं कोणी? त्याऐवजी प्रत्येक संगणकावर विंडोजची दोन साधी खाती करा. एकाचं नाव "तास", दुसऱ्याचं "मोकळा". दोन्ही स्टँडर्ड, ॲडमिनिस्ट्रेटर एकही नाही. यादी फक्त "तास" या खात्याला लावायची. मुलं आली की "तास" मध्ये शिरतात, त्याला पासवर्डच नको. "मोकळा"चा पासवर्ड शिक्षकांकडे. सुट्टीत कोणाला काही शोधायचं असेल तर शिक्षक उघडून देतात. राउटरला हात लावायचा नाही, स्टाफरूमला त्रास नाही.

हे करायला विंडोजची प्रो आवृत्ती लागते. गूगलच्या साइटवर क्रोमच्या धोरणांचे साचे मिळतात, ते विंडोजच्या पॉलिसी डेफिनिशन्स या फोल्डरात टाकायचे. मग एमएमसी, म्हणजे विंडोजची व्यवस्थापनाची खिडकी, उघडून ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर जोडताना "ब्राउज" दाबायचं, "यूझर्स" मध्ये जाऊन "तास" निवडायचं. ही पायरी लोक चुकवतात, मग धोरण सगळ्यांनाच लागतं, स्वतःलाही. एका संगणकावर नीट जमलं की तीस ठिकाणी हाताने करू नका. मायक्रोसॉफ्टचं एलजीपीओ नावाचं फुकट साधन आहे, ते त्या खात्याची धोरणं फाइलमधून दुसऱ्या संगणकावर बसवतं. लागलं की नाही हे पाहायला "तास" मध्ये शिरून क्रोमच्या पत्त्याच्या जागी क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप करा. लागलेली सगळी धोरणं तिथे दिसतात.

यादी वारंवार बदलणार असेल तर हे कंटाळवाणं होतं, कबूल आहे. त्यावर गूगलचं क्रोम एंटरप्राइज कोअर आहे, तेही फुकट. तीसही क्रोम एकदा त्यात नोंदवले की यादी एका वेबपानावरून बदलता येते आणि ती सगळीकडे पोचते. पण तिथे धोरण सगळ्या ब्राउझरलाच लागतं, त्यामुळे तास संपल्यावर ते उतरवायची शिस्त लागेल. आधी दोन खात्यांनी सुरुवात करा असं मी म्हणेन.

खाजगी खिडकीची, म्हणजे इन्कॉग्निटोची, काळजी करू नका. धोरण तिथेही लागू असतं. एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, बसवून साइट अडवणाऱ्या सोयी मात्र मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय खाजगी खिडकीत चालत नाहीत, म्हणून फुकटची एक्स्टेंशनं बसवत बसू नका.

आणि गूगल. मी भूगोलाच्या तासाला शोध बंद ठेवेन. शोधाची पानं म्हणजे उघडं मैदान आहे. निकालातली साइट उघडली नाही तरी चित्रांचे निकाल तिथल्या तिथे दिसतातच. चालू ठेवायचाच असेल तर सेफसर्च, म्हणजे अश्लील निकाल गाळणारा शोध, सक्तीचा करायचं वेगळं धोरण क्रोममध्ये आहे, ते लावा.

प्रश्न_विचारू_द्या

लॅब_सांभाळतो यांचं तंत्र बिनचूक असेल, मला त्यातलं फार कळत नाही. पण मॅडम, एक भीती आहे ती लिहिते. मी विज्ञान शिकवते.

मुलांना चार पानांच्या कुंपणात ठेवलं की ती चार पानांपुरतेच प्रश्न विचारतात. तुमच्याच पाठातलं उदाहरण घ्या. पॅसिफिकच्या कडेची माळ पाहून कोणी विचारलं, "मंगळावर भूकंप होतात का?" तर उत्तर आहे, आणि फार सुंदर आहे. नासाचं इनसाइट यान २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मंगळावर उतरलं, त्यावर भूकंपमापक होता, आणि २०१९ मध्ये मंगळावरचे हादरे पहिल्यांदा नोंदले गेले. चंद्रावर तर अपोलोच्या अंतराळवीरांनी भूकंपमापक ठेवले होते आणि ते १९७७ पर्यंत चालू होते. हे त्या मुलाने त्याच क्षणी स्वतः शोधावं की "ही साइट बंद आहे" अशी पाटी पाहून गप्प बसावं?

विकतच्या तयार फिल्टरचा तर मला फारच वाईट अनुभव आहे. शाळेत बसवलेल्या एका फिल्टरने प्रजनन संस्थेचा धडा शिकवायच्या दिवशी शरीरशास्त्राची पानंच अडवली. स्तनाच्या कर्करोगाची माहितीही बंद. शब्द पाहून अडवणाऱ्या यंत्राला संदर्भ कळत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प या गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच काढता येईना, कारण गावाच्या नावाच्या अक्षरांत एक शिवी दडलेली होती. वयात येणारी मुलगी स्वतःच्या शरीराबद्दल शाळेच्या संगणकावर काही विचारू पाहते आणि समोर लाल पाटी येते, तेव्हा तिला काय समजतं याचा विचार करा. आपण काहीतरी घाण विचारलं, एवढंच समजतं.

मला खेळ चालू द्यायचे नाहीत. पण वर्गात फिरणं, खुर्च्या अशा लावणं की सगळे पडदे एका नजरेत दिसतील, आणि काम असं देणं की दहा मिनिटांत काहीतरी हातात द्यायचं आहे, यानेही खूप फरक पडतो. माझ्या कक्षात संगणक भिंतींकडे तोंड करून लावून घेतलेत. मी मधोमध उभी राहते. सगळं दिसतं.

लॅब_सांभाळतो

मॅडम, मंगळाचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि शब्द पाहून अडवणाऱ्या फिल्टरबद्दल तर तुमच्याइतकाच राग माझ्या मनात आहे. उलट म्हणूनच मी यादी शिकवणाऱ्याने करावी म्हणतो. त्यात यंत्राने शब्दांवरून काही ठरवायचंच नसतं. आणि लाल पाटीचं म्हणाल तर, या पद्धतीत बंद असलेली साइट वाईट आहे असं कोणी म्हणत नाही. ती आत्ताच्या तासाची नाही, एवढंच. मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगून टाकावं: काय उघडं आहे, का, आणि किती वेळ. चोरून काही करायचं नाही.

मंगळाच्या प्रश्नासाठी मी फळ्याच्या एका कोपऱ्यात "हवंय" अशी जागा ठेवायला सांगतो. ज्याला यादीबाहेरचं पान हवं असेल त्याने तिथे प्रश्न लिहायचा, साइट नव्हे. मग शिक्षकांनी स्वतःच्या संगणकावर सगळ्यांसमोर शोधायचं. नववीतली मुलं शोध कसा घ्यावा हे तिथे बघतात, कुठला निकाल सोडला आणि का सोडला तेही. शेवटची काही मिनिटं हवं तर "मोकळा" खातं उघडून द्या. मी असं करणारे शिक्षक पाहिलेत, त्यांच्या तासाला तो कोपरा कधी रिकामा नसतो.

पडद्यांबद्दल: फिरणं शक्य नसेल तर व्हेयॉन नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पूर्वी आयटॅल्क म्हणायचे ते. विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. शिक्षकांच्या संगणकावर सगळे पडदे छोटे-छोटे दिसतात, एका बटणावर सगळे पडदे कुलूपबंद होतात, "इकडे बघा" म्हणायच्या वेळी फार उपयोगी. सगळ्यांकडे एकच वेबपान एकदम उघडताही येतं, त्यामुळे पत्ता टाइप करण्यात जाणारा वेळ वाचतो. पण पडदा दिसतोय हे मुलांना माहीत असलंच पाहिजे. त्याबाबत मी तडजोड करत नाही. आणि तास संपल्यावर कोण काय बघत होतं त्याच्या नोंदी साठवायची काही गरज नाही.

उबुंटू_कक्ष

आमच्याकडे विंडोज नाही, उबुंटू आणि फायरफॉक्स आहे, म्हणून थोडक्यात. फायरफॉक्समध्येही हेच करता येतं, ६० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून. पॉलिसीज डॉट जेसन नावाची एकच फाइल लागते. तिच्यात वेबसाइट फिल्टर हे धोरण असतं, त्यात "सगळं बंद" आणि "यांना सूट" अशा दोन याद्या. माझ्याकडे प्रत्येक विषयाची एक फाइल तयार आहे, तास सुरू होण्याआधी ती जागेवर ठेवते. फायरफॉक्स ती सुरू होताना वाचतो, म्हणून मुलांना ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायला लावते.

दुसरं म्हणजे इंटरनेटच नको असेल अशा तासांना किविक्स वापरा. विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो, चित्रांसकट किंवा चित्रांशिवाय, आणि कक्षातल्या एका संगणकावरून बाकी सगळ्यांना वाटता येतो. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट नावाचे संगणकावरचे विज्ञानप्रयोगही उतरवून ठेवता येतात. लाइन गेली तरी तास बुडत नाही, आणि अडवायला काही उरतच नाही.

आता_कॉलेजात

मी विद्यार्थी म्हणून लिहितो, काही वर्षांपूर्वी तुमच्या समोरच्या बाकांवर होतो. काय काय व्हायचं ते सांगितलं तर यादी करताना उपयोग होईल.

गूगल ट्रान्सलेट उघडं असेल तर बंद साइटचा पत्ता त्यात टाकायचा. ती साइट ट्रान्सलेट डॉट गूग अशा पत्त्याखाली भाषांतर होऊन उघडते, राउटरला वाटतं भाषांतर चाललंय. गूगल साइट्स पूर्ण उघडं असेल तर त्यावर खेळांची शेकडो पानं आहेत. गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवरच्या पानांवरही आहेत. सामायिक गूगल डॉक उघडलं की त्यातच गप्पा मारता येतात, एक ओळ याने लिहायची, एक त्याने, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं निबंध चाललाय. पेनड्राइव्हवर दुसरा ब्राउझर आणणारेही होते. आणि शाळेचं वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जायला काही सेकंद लागतात, मग राउटरवर काहीही बसवलेलं असो.

हे सगळं आम्ही शाळेशी भांडण म्हणून करत नव्हतो. काम संपलेलं असायचं किंवा समजलेलं नसायचं, या दोनपैकी एक. ज्या सरांच्या तासाला पुढे काय करायचं हे लिहिलेलं असायचं तिथे आमच्यातलं कोणी या भानगडीत पडायचं नाही. तुमचा भूकंपाचा नकाशा मला आवडला असता.

भूगोल_नववी

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्रांचं कोडं सुटलं. दोन खात्यांची कल्पना मला झेपेल अशी आहे, आणि "हवंय" चा कोपरा तर उद्यापासूनच करते. मंगळाचं उदाहरण प्रश्न_विचारू_द्या मॅडमकडून हक्काने घेते.

आता_कॉलेजात, तू लिहिलंस ते वाचून पेनड्राइव्ह आणि हॉटस्पॉटची चिंता वाटायला लागली आहे. लॅब_सांभाळतो सर, त्यावर काही? आणि मला एक व्हिडिओही दाखवायचा असतो, भूपट्ट एकमेकांखाली कसे सरकतात त्याचा. यूट्यूबवर आहे. पूर्ण यूट्यूब यादीत घालायचं नाही.

लॅब_सांभाळतो

हॉटस्पॉटची चिंता ब्राउझरमध्ये यादी असल्यामुळे मिटते. इंटरनेट कुठूनही आलं तरी "तास" खात्यातला क्रोम तीच यादी पाळतो. राउटरपेक्षा ही पद्धत बरी म्हणतो त्याचं हेही एक कारण. भाषांतराची वाटही बंद, कारण ट्रान्सलेट डॉट गूग यादीत नाही.

पेनड्राइव्हवरच्या ब्राउझरसाठी विंडोजमध्येच ॲपलॉकर आहे. त्याचे तयार नियम लावले की साध्या खात्यातून फक्त विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांतलेच प्रोग्राम चालतात. पेनड्राइव्हवरचा किंवा डाउनलोड्समधला चालत नाही. धडे, चित्रं, फाइली उघडायला त्याची काही आडकाठी नाही.

यूट्यूबचं जरा नीट वाचा. क्रोमच्या यादीत एकाच व्हिडिओचा पूर्ण पत्ता घालता येतो आणि तो एकटाच उघडतोही. पण यूट्यूबच्या पानावर उजवीकडे सुचवलेले व्हिडिओ असतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की यूट्यूब पान नव्याने उघडत नाही, आहे त्याच पानात आतल्या आत मजकूर बदलतो. क्रोमने तपासायला नवं पान उघडलेलंच नसतं. म्हणजे एका व्हिडिओच्या दारातून मूल पूर्ण यूट्यूबभर फिरू शकतं. ही उणीव गूगलच्या मदतपानांतही लिहिलेली आहे.

त्यावर वाट अशी. शाळेची वेबसाइट असेल तर तिच्यावर त्या पाठाचं एक पान करून घ्या आणि व्हिडिओ त्या पानात बसवा. बसवताना यूट्यूब-नोकुकी डॉट कॉमचा एम्बेड पत्ता, म्हणजे दुसऱ्या पानात व्हिडिओ बसवायचा पत्ता, वापरा. यादीत दोन नोंदी येतील, एक तुमचं पान आणि दुसरी त्या व्हिडिओचा एम्बेड पत्ता, व्हिडिओच्या क्रमांकासकट. मुलाने यूट्यूबच्या चिन्हावर टिचकी मारली तर यूट्यूब डॉट कॉम उघडू पाहतं आणि अडतं. पत्त्याच्या शेवटी आरईएल बरोबर शून्य (rel=0) असं जोडलं तर संपल्यावर सुचवले जाणारे व्हिडिओ त्याच चॅनेलचे असतात.

पण खरं सांगू का मॅडम, हा व्हिडिओ प्रोजेक्टरवर सगळ्यांना एकदम दाखवा. तीस जणांनी एकच व्हिडिओ एकाच वेळी लावला की लाइन बसते आणि प्रत्येकाचा वेगळ्या ठिकाणी अडकतो. भूपट्ट खाली सरकतो तिथे थांबवून तुम्हाला बोलायचं असणार, ते तीस पडद्यांवर जमत नाही. व्हिडिओ चालू असताना व्हेयॉनमधून मुलांचे पडदे बंद ठेवा, संपला की उघडा आणि नकाशाकडे वळा.

प्रश्न_विचारू_द्या

प्रोजेक्टरला माझाही दुजोरा. आणि भूगोल_नववी मॅडम, यादीत नासाचं मंगळाचं पान तेवढं घाला. सायन्स डॉट नासा डॉट जीओव्ही, तिथे इनसाइटची सगळी माहिती आहे.

भूगोल_नववी

घातलं. यादी अशी झाली: यूएसजीएसचा भूकंपाचा भाग, विकिपीडिया, नासाचं विज्ञानाचं पान. आज शाळा सुटल्यावर एका संगणकावर "तास" खातं करून पाहते. काही अडलं तर इथेच विचारेन.

लॅब_सांभाळतो

जरूर विचारा. एक राहिलं: विंडोजबरोबर एज ब्राउझर येतोच, आणि क्रोमची यादी त्याला लागत नाही. एजमध्येही याच नावांची दोन धोरणं आहेत, साचे मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळतात. तीच यादी तिथेही घाला. आणि इंटरनेट नसताना क्रोममध्ये येणारा डायनासोरचा खेळ बंद करायचं धोरण वेगळं आहे, ते साच्यांमध्ये "डायनासोर" शोधलं की सापडेल.